उशिरा उमटलेली रेघ

“मामाजी, राग मानू नका, पण एक विचारू का?”

फोन मी स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता, कारण माझे दोन्ही हात गुंतलेले होते. एका चिमटीत हलव्याचा दाणा, दुसऱ्या हातात पांढरा दोरा. संक्रांतीच्या हलव्याला सुई चालत नाही, टोचली की दाणा फुटतो. त्याच्या काट्यांत दोरा अडकवून गाठ मारावी लागते, आणि गाठ जरा जास्त आवळली की काटाच तुटून हातात येतो. उभी नोकरी मी चित्रकलेचा मास्तर म्हणून काढली, पण इतकं किचकट काम कधी वाट्याला आलं नव्हतं.

“विचार ना बाई,” मी म्हणालो.

“उद्या आम्ही यायच्या आधी तुम्ही ती घरी करायची टेस्ट करून घ्याल का? मेडिकलमध्ये किट मिळते. आम्ही पण करूनच निघू, मी आणि हर्षल. नागपुरात पुन्हा वाढून राहिलं आहे खूप. शर्वी लहान आहे न…”

“करतो की. त्यात राग कसला?”

“तुम्हाला काही झालं असंल असं नाही म्हणत मी.”

“झालं असलं तरी ते मला सांगून थोडंच येणार आहे? करतो. सकाळी फोटो पाठवतो तुला.”

“हो मामाजी,” ती म्हणाली. “काय करून राहिले तुम्ही?”

“काही नाही. बसलो आहे,” मी म्हणालो. दागिन्यांचं मला तिला आधी सांगायचं नव्हतं.

मृणाल माझी सून, शर्वी माझी नात आणि हर्षल मृणालचा भाऊ. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. माझा मुलगा निशांत आदल्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत गेला. ताप आला तसा तो तपासणीच्या मांडवात जाऊन आला होता. नाकात काडी घातली, थोडा वेळ बसवलं आणि निगेटिव्ह म्हणून सांगितलं. त्या शब्दानं आम्ही बापलेक असे काही निर्धास्त झालो की पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. निगेटिव्ह आहे म्हणून तो ऑफिसला गेला, निगेटिव्ह आहे म्हणून डॉक्टरकडे गेला नाही. दम लागायला लागला तेव्हासुद्धा तो मला म्हणाला, “बाबा, ऊन बाधलं असंल. टेस्ट तर निगेटिव्ह आहे.” वर्ध्याच्या दवाखान्यात त्याला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मृणाल तेव्हा नागपूरला, माहेरी बाळंतपणाला गेलेली. आर्वीच्या या घरातून ती निघाली ती सातव्या महिन्यात, निशांतच्या गाडीत बसून. त्यानंतर ती इथं आलीच नव्हती. तिच्या आईवडिलांनी तान्ह्या पोरीला घेऊन येऊ दिलं नाही आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तिच्या साड्या कपाटात तशाच होत्या, तिची चप्पल दाराशी तशीच होती.

आणि शर्वीला मी अजून एकदाही हातात घेतलं नव्हतं. बारशाला निघायची माझी तयारी झाली तोच नागपुरात लॉकडाऊन लागला. पुढं काय झालं ते सांगितलंच. आजोबा म्हणून माझी सगळी मिळकत म्हणजे फोनच्या पडद्यावर दिसलेलं एक टक्कल आणि नंतर त्या टकलावर उगवलेलं जावळ.

त्यात मृणालच्या वडिलांनी दिवाळीत मला फोन केला होता. फार आडवळणानं बोलत होते बिचारे. मीच म्हणालो, “अहो, पोर तरुण आहे. चांगलं स्थळ पाहा, माझी काही हरकत नाही.” मनापासून म्हणालो. पण फोन ठेवल्यावर घरात इतकं सुनं वाटलं की मी उगाच सगळ्या खोल्यांतले दिवे लावून आलो. मृणालचं लग्न होईल, शर्वीला दुसरं घर मिळेल, दुसरे आजोबा मिळतील. मिळावेतच. त्याआधी एकदा तिनं या घरात यावं, इथल्या फरशीवर रांगावं, माझ्या अंगाखांद्यावर चढून माझा चष्मा ओढावा, एवढंच मला हवं होतं. म्हणून मी तिच्या पहिल्या संक्रांतीच्या बोरन्हाणाची गळ घातली. मृणालनं आढेवेढे घेतले आणि मग हो म्हणाली.

बोरन्हाण म्हणजे बायकांचं काम. बाळाला काळं झबलं, वर हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. माझी बायको सुलोचना असती तर तिनं गल्ली गोळा केली असती. ती जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. तेव्हा मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं माझ्याच अंगावर आलं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडतही होतं. निशांत गेल्यावर पहिल्यांदाच माझे हात काहीतरी करत होते.

संध्याकाळी इंगोलेच्या मेडिकलमध्ये गेलो. इंगोले माझा विद्यार्थी. शाळेत त्यानं काढलेली गाय आणि कुत्रा मी कधीही वेगळे ओळखू शकलो नाही, पण औषधांच्या दुकानात मात्र तो हुशार निघाला.

“दोन न्या सर,” तो म्हणाला. “एखादी बिघडली तर दुसरी असू द्या जवळ. आणि आतला कागद वाचा बरं नीट.”

“मी तुला कधी न वाचता पेपर दिला होता का?”

“तुम्ही चित्रकलेला होता सर. तिथं वाचायला काय होतं?” इंगोले हसला.

कागद मी वाचला. म्हणजे काडी कशी फिरवायची, थेंब किती टाकायचे, ते वाचलं. ‘सी’ या अक्षरापुढं एक रेघ आली तर निगेटिव्ह, ‘सी’ आणि ‘टी’ दोन्हींपुढं आली तर पॉझिटिव्ह, दुसरी रेघ फिकट असली तरी पॉझिटिव्हच, हेही वाचलं. ते महत्त्वाचं वाटलं म्हणून दोनदा वाचलं. पुढची बारीक अक्षरं मी सोडून दिली.

आता सुलोचनाच्या एका पद्धतीविषयी सांगायला हवं, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे केलं ते वेडेपणाचं वाटेल. घरात जे काही नवं येईल ते आधी देवापुढं ठेवायचं आणि पूजा पुरी होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, की डोकावून पाहायचं नाही. लग्नपत्रिका, गाडीची किल्ली, लाइटचं वाढून आलेलं बिल, सगळं. निशांतची बारावीची गुणपत्रिका तिनं घडी न उलगडता देवापुढं ठेवली होती आणि तो बिचारा देवघराच्या दारात घाम पुसत उभा होता. मी तेव्हा खूप चिडवलं होतं तिला. म्हणालो होतो, “तुझ्या देवाला गणितात किती मार्क पडले ते आधी कळायला पाहिजे का?” ती गेल्यावर मात्र मी ती पद्धत सोडली नाही. ती पाळताना ती घरात असल्यासारखं वाटायचं, दुसरं काही कारण नाही.

तर संक्रांतीच्या सकाळी आंघोळ करून मी नाकात काडी फिरवली, शिंकलो, नळीत घोळवली, थेंब टाकले आणि ती पांढरी पट्टी देवापुढं पाटावर ठेवली. वर एक झेंडूचं फूल ठेवलं, म्हणजे पूजा करताना डोळा जायला नको. मग पूजेला बसलो. सण होता. देवांना दह्या-दुधानं आंघोळ घातली, गंध उगाळलं, तिळगुळाचा नैवेद्य दाखवला, दोन आरत्या म्हटल्या. एरवी मी इतका देवभक्त नाही. पण खरं सांगायचं तर फूल उचलायची मला भीती वाटत होती, म्हणून मी पूजा लांबवत राहिलो.

शेवटी फूल उचललं. एक रेघ ठळक होती. आणि खाली दुसरी होती, अगदी फिकट, पेन्सिलीनं ओढून रबरानं पुसल्यावर राहते तेवढी.

दुसऱ्या कुणाला ती कदाचित दिसलीही नसती. पण रेघांत माझा जन्म गेला. पोरांनी पुसून टाकलेल्या रेघा शोधून काढायची मला सवय. खिडकीशी नेऊन पाहिली, चष्मा पुसून पाहिली. रेघ होती.

मी अंग चाचपून पाहिलं. ताप नाही, खोकला नाही, घसा ठणठणीत. क्षणभर मनात आलं की फोटो पाठवूच नये. मग निशांतचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि मी फोटो काढून पाठवला. लगेच फोनही केला.

“मृणाल, कुठं आहात तुम्ही?”

“तळेगावला. हर्षल चहा पिऊन राहिला आहे.” तळेगाव म्हणजे आर्वीच्या अगदी अलीकडं. “फोटो पाहिला मामाजी.” तिचा आवाज बारीक झाला होता. “कधी केली टेस्ट?”

“सकाळीच. देवापुढं ठेवली होती. पूजा झाल्यावर आत्ता पाहिली.”

मागून हर्षलचा आवाज आला, “काय म्हणतात?” तिनं फोनवर हात ठेवला असावा. मग म्हणाली, “बरं वाटतं न तुम्हाला?”

“मला काही म्हणजे काही होत नाही. पण रेघ आहे, तर तुम्ही परत जा. पोरीला आणू नका.”

हे बोलताना आपल्याला किती जड जातंय ते तिला कळू नये म्हणून मी उगाच मोठ्यानं बोलत होतो. ती म्हणाली, “इतक्या दूर आलो आहे तर फाटकापर्यंत येतो मामाजी. लांबून पाहा तिला.”

ते आले तेव्हा मी मास्क लावून व्हरांड्यात उभा होतो. फाटक मी आधीच उघडून ठेवलं होतं, ते आता उगाच उघडं दिसत होतं. गाडी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला थांबली. मृणाल शर्वीला कडेवर घेऊन उतरली आणि फाटकाच्या बाहेर येऊन उभी राहिली. पोरीनं काळं झबलं घातलं होतं. फोनवर दिसायची त्यापेक्षा ती खूप मोठी होती आणि कपाळ थेट निशांतचं होतं. ते मला फोनवर कधी दिसलं नव्हतं.

हर्षलही उतरला. “मामाजी,” तो म्हणाला, “तुम्ही ती किती वेळानं…”

“हर्षल, तू गाडीत बस,” मृणाल म्हणाली.

“अगं, मी फक्त…”

“बस म्हणते न तुला.”

तो मुकाट्यानं गाडीत जाऊन बसला. तिनं त्याला माझ्यापासून लांब ठेवण्यासाठी तसं केलं असं मला वाटलं.

“खूप गोड आहे गं,” मी व्हरांड्यातून ओरडलो.

“खोडकर आहे खूप,” ती म्हणाली. माझ्याशी बोलत होती, पण पाहत होती माझ्या मागं, घराच्या दाराकडं.

“मी काय म्हणतो मृणाल, मी मागच्या खोलीत जाऊन दार लावून बसतो. इथं अंगणात सतरंजी टाकून ठेवली आहे, बोरं, चुरमुरे, सगळं मांडलं आहे. अंगण तर उघडं आहे. तुम्ही दोघं करा, मी खिडकीतून पाहीन. काचा लावून.”

“नको मामाजी.”

“घरात पाऊल टाकू नका. अंगणातच.”

“नको न मामाजी. रिस्क नको.”

“बरं.” मी खुर्चीवरचा डबा उचलून दाखवला. “हे तरी घेऊन जा. हलव्याचे आहेत. मुकुट जरा मोठा झाला असंल, डोक्याचं माप नव्हतं माझ्याकडं.”

तिचे डोळे भरून आले ते मला एवढ्या लांबूनही दिसलं. “त्याला तुमचे हात लागले आहेत न,” ती हळूच म्हणाली.

“हो. तेही खरंच,” मी म्हणालो आणि डबा खाली ठेवला.

शर्वी माझ्याकडं टक लावून पाहत होती. निळा मास्क लावलेला, हातवारे करून ओरडणारा म्हातारा. तिनं ओठ काढले आणि रडायला लागली. माझं तोंड दिसलं तर गप्प होईल म्हणून मी मास्क खाली ओढला आणि हसलो.

“मास्क घाला मामाजी,” मृणाल म्हणाली.

मी घातला. गाडी वळून गेली. मी फाटक लावलं, सतरंजीवरची बोरं वेचून टोपलीत भरली आणि सतरंजी झटकून आत आणली. चुरमुरे सगळे सादळले होते. त्या दिवशी मी तिळगूळही खाल्ला नाही.

ते गेल्यावर तासाभरात इंगोलेचा फोन आला. “काय सर, झाला का नातीचा कार्यक्रम?”

“पॉझिटिव्ह आली रे माझी टेस्ट. दारातून परत पाठवलं त्यांना.”

“अरे बाप्पा! ताप आहे का? खोकला?”

“काहीच नाही. रेघसुद्धा इतकी फिकट की शोधावी लागली. पूजा होईपर्यंत देवापुढं होती, मग पाहिली.”

“पूजा होईपर्यंत म्हणजे? किती वेळ?”

“सणाची पूजा ती. तास तरी लागला.”

इंगोलेनं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. “अहो सर! ते पंधरा मिनिटांनी पाहायचं असतं. वीसच्या पुढं गेलं की धरत नाही ते. वाळता वाळता उमटते कधीकधी तशी रेघ. कागदावर लिहिलं आहे की! दुसरी आहे न तुमच्याकडं? घड्याळ लावून करा.”

मी घड्याळ समोर ठेवून दुसरी केली. या वेळी देवापुढं नाही, जेवणाच्या टेबलावर, आणि सगळा वेळ तिच्यावरची नजर न काढता. एकच रेघ आली. मी खिडकीशी नेली, चष्मा पुसला. एकच. मी एकटाच घरात मोठ्यानं हसलो आणि मृणालला व्हिडिओ कॉल लावला. ते अजून रस्त्यातच होते, कुठल्याशा ढाब्यावर थांबले होते.

“मृणाल, अगं चूक झाली माझी! उशिरा पाहिली म्हणून ती रेघ आली. उशिराची धरतच नाहीत. ही बघ, आत्ता केली, एकच आहे. दिसते न? तुम्ही लांब नाही गेले अजून. वळा परत. उजेड आहे तोवर बोरन्हाण होऊन जाईल.”

मी पट्टी फोनच्या इतक्या जवळ धरली होती की तिला माझा चेहरा दिसत नसणार. मला मात्र तिचा दिसत होता. मागं गाडीत शर्वी झोपली होती.

“मामाजी,” ती म्हणाली, “निशांतची पण निगेटिव्हच आली होती न.”

मी पट्टी फोनपुढून बाजूला घेतली. “बरोबर आहे तुझं,” मी म्हणालो. “सांभाळून जा.”

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन मी प्रयोगशाळेची मोठी तपासणीही करून आलो. ती निगेटिव्ह आली. तिला कळवलं. तिनं अंगठा पाठवला. इंगोले म्हणाला, “सर, तुम्हाला सांगतो, ताप असंल आणि घरची निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबायचं नाही. पण तुम्हाला तर काहीच नव्हतं.” त्याचं बरोबर होतं, पण ते ऐकायला मृणाल तिथं नव्हती.

नंतर ती लाट ओसरली. लोक लग्नकार्यांत गर्दी करू लागले. मृणालला पुण्यात नोकरी लागली, ती पोरीला घेऊन तिकडं गेली. “उन्हाळ्यात येऊ मामाजी,” म्हणायची, मग दिवाळीत येऊ म्हणायची. व्हिडिओवर शर्वी यायची, एक शब्द बोलून पळून जायची. मी तिकडं का गेलो नाही, असं कुणी विचारेल. कुणी बोलावल्याशिवाय त्याच्या घरी जायचं नाही ही माझी जुनी खोड, आणि सुनेच्या माहेरी किंवा तिच्या एकटीच्या बिऱ्हाडी तर नाहीच. ती बोलवेल म्हणून मी वाट पाहत राहिलो.

त्या तासाभराच्या पूजेवर मी मनातल्या मनात फार चिडलो. वेळेवर फूल उचललं असतं तर पोर माझ्या मांडीवर बसली असती, घर तिच्या ओळखीचं झालं असतं, मृणालचं जाणंयेणं सुरू झालं असतं. सगळं त्या एका रेघेपाशी अडलं असं मी धरून चाललो होतो. देवापुढं काही ठेवायचंही मी बंद केलं.

मृणालचं लग्न तीन वर्षांनी झालं. मुलगा पुण्याचाच, सज्जन. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं आणि नागपुरात एका हॉलमध्ये जेवण होतं. तिनं स्वतः फोन करून बोलावलं, तेव्हा मी गेलो. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो होतो. निशांतचा बाप म्हणून त्या हॉलमध्ये कुठं बसावं ते मला कळत नव्हतं आणि हॉलवाल्यांनाही कळलं नसतं.

ती जेवणाआधी माझ्याकडं आली. “मामाजी, जरा इकडं या न,” म्हणून मला बाजूच्या खोलीत घेऊन गेली. तिथं जादा खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. तिनं दोन ओढल्या. जांभळी साडी, हातभर मेंदी, फार छान दिसत होती. तिला तसं पाहून मला आनंद झाला आणि निशांतही आठवला.

“तुम्हाला ती टेस्ट आठवते?” ती म्हणाली.

“आठवते म्हणजे काय! माझ्या देवभोळेपणाची फळं. तेवढं फूल वेळेवर उचललं असतं…”

“तुमची चूक नव्हती मामाजी.”

“कशी नव्हती? इंगोलेनं तर मला…”

“मला माहीत होतं.” तिनं मान खाली घातली. “पूजा झाल्यावर पाहिली म्हणाले न तुम्ही, तेव्हाच समजलं मला. आमच्याकडं तेव्हा रोज कोणी न कोणी टेस्ट करत होतं. उशिराची रेघ धरायची नसते, मला पाठ होतं ते. हर्षल तेच सांगायला उतरला होता गाडीतून.”

मी खुर्ची जरा तिच्याकडं ओढली.

“घर जवळ यायला लागलं तसे माझे हातपाय गार पडून राहिले होते. त्या घरातून मी त्याच्यासोबत निघाले होते. त्याची खोली, त्याचे कपडे, ते सगळं… मला दार ओलांडताच आलं नसतं. आणि तुम्हाला नाही कसं म्हणायचं? तुम्ही इतक्या आशेनं बोलावलं होतं. फोटोत दुसरी रेघ दिसली आणि मला इतकं बरं वाटलं मामाजी. सुटले असं वाटलं.” ती रडायला लागली, पण बोलायची थांबली नाही. “मग तुम्ही परत फोन केला. मी निशांतचं नाव घेतलं. ते घ्यायला नको होतं मी.”

“आणि सकाळी पहिल्यांदाच एक रेघ आली असती तर?” मी विचारलं. “आली असतीस आत?”

तिनं विचार केला. खोटं बोलायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं.

“दार निशांतनं उघडलं असतं तर आले असते,” ती म्हणाली.

माझी चूक नव्हती हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. तीन वर्षं मी स्वतःवर रागावून काढली, पण त्या रागाची सोबत होती. पूजा लवकर आटोपली असती तर सगळं वेगळं झालं असतं, असं तरी म्हणता येत होतं. आता तेही गेलं. त्या दिवशी माझ्या हातात काहीच नव्हतं. मी व्हरांड्यात उभा होतो, ती फाटकाशी उभी होती, आणि दोघंही एकाच माणसाची वाट पाहत होतो.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “रडू नको. तुझ्या नवऱ्याला वाटेल, सासऱ्यानं रडवलं.” ती रडता रडता हसली.

तेवढ्यात शर्वी आईला शोधत आत आली. चार वर्षांची, हातात अर्धी जिलबी. मला पाहून दारातच थांबली.

“ये,” मृणाल डोळे पुसत म्हणाली. “नमस्कार कर. हे आजोबा आहेत.”

शर्वीनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. “कोणते आजोबा?” तिनं विचारलं.

बाहेर या पोरीचे दोन आजोबा पंगतीत वाढत होते, आईचे वडील आणि आजपासूनचे नवे. तिसऱ्याला काय म्हणायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“आर्वीचे,” मी म्हणालो.

“आर्वी कुठं असते?”

“लांब असते. बसमधून उतरून पुन्हा दुसऱ्या बसमध्ये बसायचं इतकी लांब.”

तिनं आईकडं पाहिलं. “आपण जायचं तिथं?”

मृणाल माझ्याकडं पाहत होती. तिनं हो म्हटलं असतं. माझ्यासाठी म्हटलं असतं, आणि मग पुन्हा कधीतरी तळेगावच्या पुढं तिचे हातपाय गार पडले असते.

“नको,” मी शर्वीला म्हणालो. “तुम्ही नका येऊ. मीच पुण्याला येत जाईन. येऊ न?”

तिनं थोडा विचार केला, हातातली उरलेली जिलबी माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, “या.”